विरजणाची अट

कुद्रेमानीच्या दूध सोसायटीत, वजनकाट्यामागं,
जिथं फरशीवर कॅनचं गोल वळ कधीच वाळत नाही,
तिथं आम्ही तिघं बसलोय
एका फाईलसमोर.
फाईलीचं नाव परवाना.
आत काहीच नाही.

चार वर्षं आमचा प्रोग्रॅम चालतोय.
फॅट, डिग्री, लिटर, दर;
पावती वर मराठी, खाली कन्नड.
उघडाच ठेवला होता, हवा त्यानं न्यावा.
शिनोळीच्या डेअरीनं नेला,
नेसरीकडं कुणी नेला म्हणे.
कानडी जोडाक्षरं मोडत होती,
ती धारवाडच्या एका पोरीनं सांधून पाठवली,
निरोपात फक्त एक हसरा चेहरा.

मागच्या महिन्यात हुबळीची कंपनी आली.
चहा घेतला, दोनदा.
मग विचारलं, याचा मालक कोण?
पद्मण्णा म्हणाला, मालक असा कुणी नाही.
बरं झालं, ते म्हणाले,
आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

त्या रात्री इम्तियाज किल्लेदारनं वाचून काढलं:
परवाना नसला की ते सगळ्यांचं होत नाही.
उलट, कुलूपच असतं,
प्रत्येकाच्या ओळीला त्याचं त्याचं.
म्हणजे शिनोळीवाले चार वर्षं चोरी करत होते
आणि आम्ही वाट दाखवत होतो.

आता टेबलावर दोन कागद.
एक पानभराचा:
घ्या, बदला, विका, आमचं नाव पुसू नका.
दुसरा भाऊबंदकीच्या दाव्यासारखा, कलमाला पोटकलम:
घ्या, बदला, विका,
पण ज्याला द्याल त्याला आतलंही द्या,
तुम्ही केलेला बदलसुद्धा,
ह्याच अटीवर.

पद्मण्णा म्हणतो, अट घातली की दान कसलं?
इम्तियाज म्हणतो, अट नाही तर उद्या
आपलाच प्रोग्रॅम आपल्याला विकतील,
पावतीमागं पाच पैसे.
मी गप्प. माझा मोबाईल खिडकीकडं सरकला की
महाराष्ट्राचं स्वागत करतो,
टेबलाकडं ओढला की कर्नाटकाचं.

राचव्वा कॅन उपडा करून निथळत उभी होती.
तिला वाटलं आम्ही भांडायलोय.
"विरजण मागाय येत्यात की गा," ती म्हणाली,
"मी कवा परत मागतोय?
पण माझ्याकडनं नेलं आणि
पुढच्या घराला न्हाई म्हटलं,
तर ते विरजण न्हवं बघा. ते नुसतं दही."

कागद ठरला.
पण ओळी अकरा जणांच्या, होकार अकरा हवेत.
दहा आले. धारवाडची तर त्याच मिनिटाला.
अकरावा 'शून्यबिंदू'.
दोन वर्षांपूर्वी, पहाटे पावणेतीनला
सहा ओळी पाठवून गेला, किंवा गेली.
अलीकडचा की पलीकडचा, माहीत नाही.
मेल परत येते. पत्ता बंद.

त्याच्या सहा ओळी मी काढल्या,
माझ्या लिहिल्या, कॉलेजात शिकवल्या तशा.
चालल्या. एकही चूक नाही.
फक्त राचव्वाच्या महिन्याच्या बिलात
एकोणीस पैसे कमी.

तेव्हा कुठं कळलं त्यानं काय केलं होतं:
अर्धा पैसा उरला की तो
दूध घालणाऱ्याकडं ढकलायचा.
कुठं लिहून ठेवलं नव्हतं. नुसतं केलं होतं.

ओळींना मालक असतो, इम्तियाज म्हणाला,
विचाराला नाही.
मी पुन्हा लिहिलं, माझ्या शब्दांत,
जरा ओबडधोबड, नऊ ओळी झाल्या,
पण अर्धा पैसा पडला तो तिच्या बाजूला.

मग फाईलीत लांब कागद चिकटवला.
खाली दहा नावं,
आणि आभारात एक शून्य, त्यात बिंदू.

संध्याकाळची पावती निघाली.
राचव्वानं ती न वाचता घडी करून
कनवटीला खोचली
आणि विचारलं, उद्या वीज हाय की न्हाई?